धुतल्याने न जाणारा वास

"या घरात साबण खातं तरी कोण?" न्हाणीघराच्या दाराशी उभा राहून धाकटीचा नवरा पुटपुटला. आत, हातभर अंतरावर, धाकटीने अर्धी झालेली वडी पाठीमागे लपवली. जसं काही त्याला बंद दारातून दिसणार होतं.

धाकटी आणि तिची थोरली जाऊ मिळून लॉन्ड्री चालवत. कसलाही डाग द्या, या दोघी त्याच्या सात पिढ्या पुसतील अशी गल्लीत ख्याती. पण दोन महिने धाकटीच्या अंगावरून पातळ, करडं पाणी जात होतं आणि त्याला मासळीसारखा वास होता. धुवावं तितका तो चढे. वारा लागतो म्हणत तिने इस्त्रीचं टेबल दाराशी नेलं. बिछान्यात नवऱ्याच्या आणि आपल्या मधे उशी ठेवली. तो समजला, बायको रुसली. हा घाणेरडा रोग असेल, तर तो आपल्याबद्दल काय समजेल आणि आपण त्याच्याबद्दल काय समजायचं, या विचाराने तिची झोप उडाली होती.

शेवटी दात काढायचाय अशी घरी थाप मारून ती डॉक्टरीणबाईंकडे गेली.

बाईंनी तपासलं, कापसाच्या काडीवर नमुना घेतला, मग विचारलं, धुता कशाने? धाकटीने अभिमानाने पाठ म्हणून दाखवला: आधी साबण, मग कोमट पाण्यात जंतुनाशकाचे चार थेंब, आणि ते अगदी आतपर्यंत. बाईंनी पेन खाली ठेवलं. धंदा काय, म्हणाल्या. लॉन्ड्री, हे ऐकताच त्यांना हसू आवरेना, आणि का कोण जाणे, धाकटीलाही.

"अहो, आत चांगले जंतू पहाऱ्याला असतात. ते कमी झाले की बाकीच्यांचं फावतं. तुम्ही रोज पहारेकऱ्यांनाच धुऊन काढताय."

दुखण्याला नावही होतं, बॅक्टेरियल व्हजायनोसिस. कुणाच्या वागणुकीचा दाखला नव्हे, कितीतरी बायकांना होतं, असं बाईंनी सांगितलं. सात दिवस गोळ्या, बरं वाटलं तरी मधे सोडायच्या नाहीत. बाहेरून साधं पाणी, आत काहीच नाही. ती जागा स्वतःची सफाई स्वतः करते.

म्हणजे इतकी वर्षं जगात एक तरी गोष्ट आपल्या हातावाचून स्वच्छ राहत होती! धाकटी बस सोडून चालत घरी आली, वाटेत एकटीच हसत.

गोळ्यांनी तोंड कडू झालं, पण पाचव्या दिवशी वास गेला. सातव्या रात्री उशी आपल्या जागी गेली आणि नवऱ्याने रुसवा कशाने गेला ते विचारायचा शहाणपणा केला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने घरच्या सामायिक न्हाणीघरातली जंतुनाशकाची बाटली उचलून दुकानात नेली. तासाभराने थोरलीने बाटली कुठे गेली म्हणून विचारलं. दुकानाला लागत होती, धाकटी म्हणाली. थोरलीने एका सदऱ्याची दोनदा घडी केली आणि पुन्हा तेच विचारलं. फरशीला हवीय, म्हणाली. मग म्हणाली, पायाला.

धाकटीने इस्त्री बंद केली. "जाऊबाई, ती दाताची डॉक्टर नव्हती."

"ठाऊक आहे गं मला," थोरली सदऱ्याकडेच बघत म्हणाली. "माझ्याही अंगाला तोच वास येतो. तुझ्याही आधीपासून."