मावशीकडे न्यायचा दोर

थेरन, माझा होडीवरचा जुना जोडीदार, आणि मी त्या नदीला मावशी म्हणतो, त्याला नऊ वर्षं झाली. आमच्या उत्तरेकडच्या फेअरबँक्स गावात घडी करून पाठीवर न्यायच्या हवेच्या होड्या घेऊन हिंडणारे पुष्कळ आहेत. पण एखाद्यानं नकाशावर नवी नदी हेरली, तर तिचं नाव तो सख्ख्या भावालाही सांगत नाही. नाव फुटलं की पुढच्या उन्हाळ्यात तिथं दुसऱ्याचे तंबू दिसलेच म्हणून समजा. म्हणून मावशी. किराणा दुकानात रांगेत उभं राहून आम्ही खुशाल बोलायचो, "मावशीकडे कधी निघायचं?" "यंदा मावशीचं काही खरं नाही, अजून गारठलीय." ऐकणाऱ्यांना वाटायचं, केवढी मायाळू माणसं!

मावशी मला सापडलेली. ब्रूक्स डोंगरांच्या पलीकडच्या उतारावर, जिथं औषधालासुद्धा झाड नाही. उपग्रहाच्या फोटोत ती उगमापासून शेवटापर्यंत दिसते, फक्त मधे एका घळीत अर्धा मैल काळी सावली आहे. फोटो दरवर्षी नवा येतो, सावली तीच. तिच्या आत धबधबा आहे की नुसतं जोराचं पाणी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ते माझ्या डोळ्यांनी बघायचं, एवढी एकच गोष्ट मी नऊ वर्षं मनात धरून होते. काडीमोड झाला तेव्हा फ्रीज मी नवऱ्याला राहू दिला आणि तो नकाशा उचलून आणला.

गेल्या ऑगस्टमध्ये जायचं ठरलं होतं. जूनमध्ये माझा गुडघा गेला. थेरन हॉस्पिटलात माझ्या खाटेवर बसून म्हणाला होता, "मावशी काय पळून जातेय? तुझ्याशिवाय मी तिच्या दारात पाऊल टाकायचा नाही." मी रडले होते, आणि मला सहसा रडू येत नाही. यंदा सप्टेंबरात ऑपरेशन आहे. त्यानंतर पाठीवर ओझं घ्यायचं नाही, असं डॉक्टरनं बजावलंय. म्हणजे हा ऑगस्ट, नाहीतर कधीच नाही.

मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी थेरन वजनाला आला. जायच्या आधी सगळं सामान स्वयंपाकघरातल्या काट्यावर चढतं, ही आमची जुनी रीत. टूथब्रशचा दांडा अर्धा कापायचा, चहाच्या पुड्यांचे दोरे तोडायचे आणि हरएक ग्रॅमवरून भांडायचं. एक ढीग माझा, एक त्याचा, आणि मधे दोघांचा. ओट्यावर वाळवणयंत्र घुमत होतं, त्यात मूस हरणाचा खिमा होता. घरभर वास सुटला होता.

"म्हातारे, दोन चमचे कशाला?" थेरन म्हणाला.

"एक तू हरवतोस म्हणून."

"सोळा ग्रॅम!"

"तुझी दाढी कापली तर दोनशे वाचतील. आणू कात्री?"

तो हसला. मीही हसले. शेवटचं.

मग मधल्या ढिगात हात घालून त्यानं नारिंगी पिशवी उचलली आणि शांतपणे बाजूला, खिडकीपाशी ठेवून दिली. त्या पिशवीत फेकायचा दोर असतो. जोराचं पाणी आलं की एकानं होडीत बसून त्यातून जायचं आणि दुसऱ्यानं खाली काठावर दोर घेऊन उभं राहायचं. होडी उलटली की काठावरचा फेकतो आणि ओढून काढतो. थेरननं मला दोनदा ओढून काढलंय. बावीस वर्षांत त्यानं दोर कधी घरी ठेवला नव्हता. एकदा स्वयंपाकाचं भांडं ठेवलं होतं, पण दोर नाही.

"हे काय?" मी विचारलं.

"नऊशे चाळीस ग्रॅम आहे गं. उगाच ओझं."

"आणि काळ्या जागेत?"

"तिथं काय करायचाय दोर?" काट्यावरची नजर न काढता तो म्हणाला.

मग त्यानं नजर काढली. माझ्याकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

मूर्ख माणूस. नऊ महिने तोंड शिवून बसला होता. सगळा हिवाळा माझ्याबरोबर त्या सावलीवर बोट ठेवून "काय असेल गं आत?" म्हणत होता. आणि ग्रॅमच्या लोभापायी सापडला.

"कधी गेला होतास?"

"मर्ना, ऐक..."

"कधी?"

"ऑगस्टमध्ये. हवा फार चांगली होती. कोल्बी मागे लागला होता."

कोल्बी त्याच्या कामावरचा सत्तावीस वर्षांचा पोरगा. त्याच्या गुडघ्यांना काय धाड भरलीय!

"म्हणजे नावही सांगितलंस."

"शपथ घेतलीय त्यानं. कुठंही फोटो टाकले नाहीत. पायलट ज्युडसन सोडून कुणालाही पत्ता नाही."

ज्युडसन! ज्याच्याशी मी मार्चपासून फोनवर विमान उतरवायच्या जागा ठरवत होते. त्यानंही ब्र काढला नव्हता. आणि कसा काढेल? कुणी कुठं गेलं ते बोलायचं नाही, हे मीच त्याला शिकवलं होतं. माझ्याच कुलपानं मला बाहेर ठेवलं.

"तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही," थेरन म्हणाला. "यंदा पुन्हा जायचंच होतं ना आपल्याला. तुला ते पहिल्यांदा बघताना बघायचं होतं मला."

"आणि तू काय करणार होतास तिथं? नाटक?"

वाळवणयंत्र घुमत होतं.

"केसानं गळा कापलास माझा," मी म्हणाले. "गेलास, ते एक वेळ गिळलं असतं. नाक दाबून का होईना, गिळलं असतं. पण आत्ता काय केलंस ते कळतंय का तुला? दोर काढलास. म्हणजे आत काही नाही. धबधबा नाही, काही नाही. नऊ वर्षं मी जे बघायला निघाले होते, ते तू मला माझ्या ओट्याशी उभा राहून सांगितलंस."

त्याला ते तेव्हा कळलं. साठीचा माणूस, मनगटानं डोळे पुसायला लागला. त्यानं खिडकीपाशी जाऊन ती पिशवी आणली आणि पुन्हा मधल्या ढिगात ठेवली.

"नेऊ या. मी नेतो. मी उभा राहीन काठावर."

"तुझं सामान उचल, थेरन."

त्यानं उचललं. भरायला त्याला बराच वेळ लागला, मी मदत केली नाही. दारात थांबून तो म्हणाला, "एकटी जाऊ नकोस. कोल्बीची होडीसुद्धा उल..." आणि मी दार लावून घेतलं.

लावलेल्या दारापाशी मी उभी राहिले. उलटली? म्हणजे आत काहीतरी आहे. तरीही दोर नको म्हणाला होता. माझ्या जिवापेक्षा त्याला नऊशे चाळीस ग्रॅम जड वाटले, की त्या पाण्यात दोराचा उपयोगच नाही? दार उघडून विचारता आलं असतं. त्याची गाडी अजून सुरू झाली नव्हती.

मी ज्युडसनला फोन लावला. "ऑगस्टची ती खेप. एकच माणूस."

तो म्हणाला, "वजन किती होईल, मर्ना?"

"सांगते, थांब."

माझा ढीग मी काट्यावर ठेवला. एक चमचा काढला. मग नारिंगी पिशवी हातात घेतली. एकट्या माणसाला त्या दोराचा काही उपयोग नसतो. काठावर कुणीतरी उभं असावं लागतं. मी ती पिशवी खिडकीपाशी ठेवली, जिथं त्यानं ठेवली होती तिथंच, आणि ज्युडसनला आकडा सांगितला.