आखाजीची घागर

"बठ्ठं ओत, झुलालभाऊ, पन ती घागर नको!" सुगंधाक्का देवघरासमोर आडव्याच आल्या. "यासनी पहिली घागर शे."

यासनी म्हणजे यांची, अक्कांच्या मालकांची, तोताराम आबांची. आबा पौषात गेले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावाने आमच्याकडे पाण्याची घागर भरतात, तीच ही. आठ दिवस झाले तरी अक्कांना ती हलवायची नव्हती.

मी चोपडा तालुक्यातला आरोग्य सेवक. एकोणतीस वर्षं लोकांची भांडी ओततोय आणि शिव्या खातोय. पूर्वी डासांचा धंदा आषाढानंतरचा. गेल्या वर्षी वैशाखातच पारा पंचेचाळीसवर, त्यात अवकाळी वादळाने विजेचे खांब पाडले आणि नळाला बारा-बारा दिवस पाणी नाही. मग काय, घरोघरी पातेल्यापासून पिंपापर्यंत सगळं भरलेलं! गावात दोघांना डेंगू निघालाच होता.

"अक्का, अळ्या होतात त्यात," मी म्हणालो.

"यासना पान्यात आन् अळ्या? काहीबी बोलस तू!"

आबांची नात भूमिका हसली. सात वर्षांची पोर, आईबरोबर पाचोऱ्याहून आखाजीला आलेली. तिच्या आईला, मयुरीला, माहेरी अजून राहायचं होतं. भूमिकाने माझी विजेरी मागून घेतली आणि पिंपात उजेड पाडत माझ्यामागे घरभर फिरली. घागरीजवळ आल्यावर मीच म्हणालो, "राहू दे ती."

मेल्या माणसाच्या पाण्याला हात लावायचा माझा धीर झाला नाही. खरं सांगतो, अक्कांचं तोंड बघून मलाच आबा आठवले.

त्यानंतर दहाव्या दिवशी भूमिकाला ताप भरला. जळगावला नेली. चौथ्या दिवशी गेली.

सुतकातच मी त्या घरी गेलो. अंगणातल्या पिंपातलं पाणी हात पोळेल इतकं तापलं होतं, त्यात एक अळी जिवंत नव्हती. देवघराच्या कोपऱ्यात मात्र सावली आणि मातीची गार घागर. आत उजेड टाकला तर वळवळ, वळवळ. मी घागर मागच्या दारी नेऊन उन्हात ओतली.

वळून पाहतो तर अक्का उभ्या.

"मन्ही घागरमुये व्हयनं का रे, भाऊ?"

"छे हो अक्का! ताप पाचोऱ्याहूनच आला असेल तिच्याबरोबर."

एवढं धडधडीत खोटं मी जन्मात बोललो नव्हतो. अक्कांनी मान हलवली आणि आत गेल्या. वर्षभर मी तेवढ्यावरच झोपत होतो, की निदान म्हातारीला तरी कळलं नाही.

यंदा आखाजीनंतर पुन्हा त्यांच्या दारात गेलो. पारा तितकाच, नळ तसेच. अक्का बाजूला सरकल्या.

देवघरासमोर आबांची घागर होती. तिच्याशेजारी एक लहान मडकं.

दोन्हींच्या तोंडाला पांढरं फडकं, सुतळीने करकचून बांधलेलं.

"रोज नवं पानी भरस मी," अक्का म्हणाल्या. "पाहनं व्हई तर गाठ सोडी पाह्य, भाऊ."

मी विजेरी पिशवीत ठेवली. गाठीला हात लावला नाही.