भूमीपल्याडचा शब्द

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. योगेश्वरीच्या अंबाजोगाईत, एका कॉलेजातल्या जाडजूड इंग्रजी शब्दकोशात माझं बिऱ्हाड. नाव ट्रान्सह्यूमन्स. दचकू नका, या नावाचा मलाही कंटाळाच आहे.

माझं मूळ लॅटिन. 'ट्रान्स' म्हणजे पलीकडे आणि 'ह्यूमस' म्हणजे माती, भूमी. ऋतू पालटला की कळप घेऊन या भूमीवरून त्या भूमीवर जायचं आणि पुन्हा परतायचं, हा माझा अर्थ. स्पेनच्या मेंढपाळांत मी वाढलो, फ्रान्सवरून इंग्रजीत आलो आणि इथल्या कपाटात येऊन थांबलो. अर्थ चालण्याचा आणि नशिबी बसणं! माझा शेजारी ट्रान्सफॉर्मर गावोगाव पोचला. तो जळला की अख्खं गाव त्याचं नाव घेतं. माझं कुणी घेत नाही. पानं मिटली की अंधार, आणि वाळवीची धास्ती.

एके दुपारी शिवकन्या आली. गेवराईकडच्या मेंढपाळाची पोर, वसतिगृहात राहणारी, वडिलांना दादा म्हणणारी. वर्गात प्रत्येकानं घरच्या कामावर बोलायचं होतं.

"तू मेंढरांचं सांग की," मैत्रीण उज्ज्वला म्हणाली.

"अन् वर्गानं मला बें-बें करावं? मी ट्रान्सपोर्ट सांगणार हाय. दादा ट्रक चालवतेत म्हणून."

"लई शहाणी! तुझे दादा सायकलवरून पडतेत."

ट्रान्सपोर्टचं स्पेलिंग शोधता शोधता तिचं बोट माझ्यावर थांबलं. तिनं अर्थ वाचला, पुन्हा वाचला. मग रामकृष्णहरी म्हणावं तसं हळूच माझं नाव घेतलं. शब्द एकदा ओठांवर बसला की सोबत जातो. मीही गेलो.

तिचे दादा, त्रिंबक, कीर्तनाचे वेडे. पण लिंबागणेशच्या बाजूला कळप थांबला की मेंढरं सोडून मंडपात कसं जाणार? ते रानातूनच कर्ण्यावरचं कीर्तन ऐकायचे आणि ही शेजारी बसायची. बुवा एकच शब्द घेऊन त्याची फोड कशी करतात, हे तिनं तिथंच ऐकलेलं. वर्गात उभी राहून तिनं तशीच माझी फोड केली. पलीकडे म्हणजे कुठं, भूमी म्हणजे कुणाची!

"आमची मेंढरं ज्या रानात बसतात तिथं खत पडतं. म्हणून शेतकरीच आम्हाला बोलावून नेतात," ती म्हणाली. मागून एक 'बें' आलंच. पण ती थांबली नाही. "माझे वडील मेंढपाळ आहेत."

संध्याकाळी तिनं फोन लावला. "दादा, आपल्या कामाला मोठा शब्द हाय. परदेशातल्या लोकांचा, लॅटिनमधला, लई जुना."

"त्यायला कसं कळलं गं आपलं?"

"त्यायच्याकडं बी मेंढरं व्हती."

दादांनी पुढं गेलेल्या एका मेंढराला हाकारलं. मग ते म्हणाले, "बरं झालं पोरी. मला वाटायचं, आपूनच एकटे हाव."

मित्रांनो, मलाही तसंच वाटत होतं.

शब्दकोश पुन्हा मिटला आहे. अंधार तोच आहे. तुम्हाला एवढीच विनवणी करतो, शिवाराकडेला कळप दिसला तर हॉर्न वाजवत पुढं जाऊ नका. थांबा, पाणी द्या, कुठून आलात म्हणून विचारा. माझं अवघड नाव नाही घेतलंत तरी चालेल. त्यांची वाट चालू राहू द्या. ती थांबली तर माझ्याजवळ नुसता अर्थ उरेल, आणि अर्थ एकटा चालत नाही.