तळाशी गेलेला पियानो

आता जे सांगणार ते कुणालाही खरं वाटणार नाही, असं लोणकढ्यांनी आधीच बजावून ठेवलं. धाकटीने मान हलवली आणि स्क्रू ठेवायला बशी पुढे सरकवली.

लोणकढे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या आणि जन्मभर थापा मारल्या, म्हणून गल्लीने ते बहाल केलं होतं. त्यांच्या थापांना आडवं जाण्यात सगळ्यांत पुढे बायको. ती पियानो शिकवायची. यांनी बाहेरच्या खोलीत पाहुण्यांपुढे पुडी सोडली, की आतून विचारायची, तेव्हा वाजले किती होते? एवढ्यावर सगळा डोलारा कोसळायचा. पाहुणे हसायचे, लोणकढे सर्वांत जास्त.

ती गेली आणि गल्लीने जणू ठराव केला, की माणूस दुःखात आहे, त्याचं खोटं पकडायचं नाही. तुटलेल्या लिफ्टची दोरी आपण दातांत धरून तीन मजले कशी चढलो, हे त्यांनी औषधवाल्याला सांगून पाहिलं. एरवी त्याने आख्खं दुकान गोळा केलं असतं. या वेळी तो म्हणाला, हो ना काका, जपा स्वतःला, आणि पिशवीला गाठ मारून दिली. लोणकढ्यांना त्याचं वाईटसुद्धा वाटलं नाही. दाढ बधिर केल्यावर जीभ लावून पाहावी, दाढ जागेवर असते पण आपली नसते, तसे ते घरी आले. चहा केला. तो गार झाल्यावर ओतून दिला.

धाकटी म्हणजे बायकोची पाठची बहीण. तीही पियानो शिकवणारीच. सोमवारपासून ताईच्या विद्यार्थिनींना शिकवायचं तिने अंगावर घेतलं होतं. पण पियानो बंद खोलीत दमट हवेत राहिलेला. मधल्या पाच पट्ट्या दाबल्या की खालीच बसायच्या, वर यायचं नाव नाही. लोणकढे म्हणाले होते, लिफ्टचंही असंच असतं, तेल सोडू. धाकटीने तेलाची बाटली उचलून सरळ स्वयंपाकघरात नेऊन ठेवली.

आता पुढची फळी काढली होती. लोणकढे एकेक पट्टी उचलून देत. बाहेरून बोटभर दिसणारी पट्टी आत हातभर लांब, मध्ये खालच्या खिळ्यावर बसणारं एक भोक, भोकाला आतून लोकरीचं अस्तर. ते ओल पिऊन फुगलं, की खिळ्याला घट्ट धरून बसतं. धाकटी सपाट पकडीने ते हलकेच दाबायची, पट्टी परत खिळ्यावर चढवायची, बोट ठेवून बघायची. पट्टी वर आली की पुढची. तिसरी झाली, चौथी हातात होती. लोणकढ्यांचे हात चालू होते, तोंडही चालू होतं, आणि दोन्ही दुसऱ्याच कुणाची वाटत होती.

तर हा पियानो नावेतून आला, ते सांगत होते. भर नदीत नाव कलंडली आणि पियानो गेला तळाला. नावाडी बघत उभे.

"हो का," धाकटी म्हणाली.

तिच्या आवाजात औषधवाल्याचीच माया होती. हिनेही मुकाट गिळलं तर या घरात पुन्हा तोंड उघडण्यात अर्थ नाही, असं त्यांना वाटलं. तेही लांबून, शेजारच्या घरातलं बोलणं ऐकू यावं तसं. त्यांनी आणखी तिखटमीठ लावलं. माशांनी म्हणे पियानोला वेढा घातला, त्यातला एक तर सूर लागलाय का ते बघत होता. काठावर माणसं जमली. पाण्यातून बुडबुडे येत होते, तेही तालात.

धाकटीने अस्तर दाबलं. "बरं, मग?"

मग काय, लोणकढे म्हणाले. पाचवी पट्टी त्यांच्या हातातच राहिली. मग तुझ्या ताईने चष्मा काढून माझ्याकडे दिला, चपला काढल्या आणि घेतली उडी. तळाशी बसून आधी सगळे सूर तपासले. ज्या पाच पट्ट्या तिने पाण्यात दाबल्या, त्याच या, तेव्हापासून अडकतात. आणि मग एका हाताने पियानो ढकलत, दुसऱ्या हाताने पाणी कापत, अशी सरसर पोहत आली ती, की नावाडी लाजले.

धाकटीची पकड थांबली. तिने चौथी पट्टी मांडीवर ठेवली, त्यांच्याकडे बघितलं.

"भाऊजी, धडधडीत खोटं बोलताय तुम्ही," ती म्हणाली. "ताईला पोहता येत नव्हतं. गुडघाभर पाण्यातसुद्धा माझा दंड धरून उभी राहायची ती, वळ उठेपर्यंत."