असरपर्यंत

कनीजने फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि ओढणीच्या टोकाने त्याची काच पुसली. काच स्वच्छच होती. धूसर होतं ते पलीकडचं: पांढरं आभाळ, पांढरी जमीन, आणि मधे उबेदचं थंडीने लाल झालेलं नाक.

"अम्मा, बस परत फिरवली. रस्त्यावर बर्फाची दरड आलीय. पोलीस कोणाला सोडत नाय."

"मग चालत ये."

बोलून गेली, आणि मग तिचं तिलाच ऐकू आलं. कुठे जॉर्जियाचे डोंगर, कुठे बहारीनची वाळू.

मुलगी, मुनीरा, भिंतीला टेकून विमानाची वेळ बघत होती. "परत डिलेड. आता उद्या सकाळचं दाखवतायत. पण भाई एअरपोर्टला पोचला तरच ना."

पहाटे हॉस्पिटलात तिच्या नवऱ्याचा, महमूदचा, श्वास थांबला होता. उम्म अल हस्सम वस्तीतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या दाराशी तेव्हापासून चपलांचा ढीग वाढत होता. आज असरच्या नमाजेनंतर, उन्हं उतरायच्या आत, दफन करावं असं सगळे म्हणत होते. कनीज एकच धरून बसली होती. मुलाच्या हातची तीन मूठ माती पडल्याशिवाय नाय.

उबेद मित्रांबरोबर स्कीइंगला गेला तेव्हा बापाला साधा खोकला होता. एकतीस वर्षं महमूदने बर्फाच्या कारखान्यात मासळीच्या होड्यांसाठी लाद्या ओढल्या. "जा रे," तो पोराला म्हणाला होता, "फुकटात पडणारा बर्फ बघून ये. आम्ही जन्मभर मशीनचाच बघितला."

बुधवारी डॉक्टर म्हणाले, मुलाला बोलावून घ्या. कनीजने त्या संध्याकाळी फोनवर सांगितलं, बरे हायत, जेवले. वर्षातून एकदाची रजा, पोराचे चार दिवस, ते मोडायला नको वाटलं. बुधवारी रस्ता उघडा होता.

तिच्या भावाची होडी रत्नागिरीच्या बंदराला उशिरा लागायची, तेव्हा तिची आई एक ओवी म्हणायची. ती आता कनीजच्या ओठांवर नुसती हलत होती, आवाज नव्हता:

*वाऱ्या रे वाऱ्या, वाट सोड माझ्या बाळा,*
*तेल सरलं तर दिव्यात घालीन डोळा.*

दीर जमालुद्दीन आत आला आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"भाभी, कागद झाले. भाईचं ओळखपत्र, सीपीआर कार्ड, जमा केलं. मशिदीतून विचारतायत. असरला ना?"

"उद्या."

"मय्यत अशी थांबवू नये गो."

"एक रात्र. उबेद यील."

"आणि उद्या रस्ता उघडला नाय तर?"

"तर परवा! माझा एकुलता एक हाय तो. तुम्हाला तिघे हायत, तुम्हाला काय कळणार?"

जमालुद्दीनने टोपीची कड बोटाने सरळ केली. भांडायला तो आलाच नव्हता.

"बरं. हॉस्पिटलवाले ठेवतील, जागा हाय. फ्रीजरच्या खणात ठेवलाय भाईला. मी आताच बघून आलो."

कनीजने मान वर केली. "अंगावर काय हाय?"

"चादर."

"एकच?"

"भाभी, तिथे..."

पाळी करून महमूद घरी यायचा तेव्हा त्याच्या बोटांना चहाचा कप धरता यायचा नाही. ती दार लोटून त्याचे दोन्ही पंजे आपल्या काखेत घ्यायची, मुंग्या येईपर्यंत सोडायची नाही. "केलंस गो आज परत जिवंत," म्हणायचा. जुलैत सगळं बहारीन सावली शोधत असायचं, तेव्हा हा एकटा गच्चीवर उन्हात उभा. म्हणायचा, हाडातली लादी वितळवतोय.

"अम्मा," मुनीरा हळूच म्हणाली आणि तिने फोनकडे बोट केलं.

फोन चालूच होता. उबेदने सगळं ऐकलं होतं. तो गुडघ्यांवर बसला होता, एका हातातला मोजा काढून बाजूला टाकलेला, आणि तो हात मनगटापर्यंत बर्फात.

"काढ रे हात."

त्याने मान हलवली. नाही.

"उबेद. बुधवारी डॉक्टरांनी तुला बोलवायला सांगितलेलं. मी सांगितलं नाय तुला."

पलीकडे वारा वाजत राहिला. उबेदने वर पाहिलं नाही, हातही काढला नाही. चित्र अडकलंय की पोरगा, तिला कळेना.

कनीज उठली. खुंटीवरचा महमूदचा स्वेटर काढला, घडी घातली, मोडली, परत घातली.

"असरला न्या," ती दिराला म्हणाली. "आणि माती टाकाल ती वरची घ्या. उन्हातली."

जमालुद्दीनने टोपी घातली आणि चपलांच्या ढिगात आपली चप्पल शोधू लागला.

ती फोनकडे वळली. उबेदने हात बाहेर काढला होता. लालभडक, बोटं मिटत नव्हती. त्याने जाकिटाची चेन दातांनी खाली ओढली आणि तो हात स्वतःच्याच काखेत घट्ट दाबून धरला.