बिनणी डोलीतून उतरली

शहाद्याचे कापडाचे व्यापारी सुमेरमल शेठ यांच्या घरात कंचनबाई सून होऊन आली, त्याला चार वर्षं झाली होती. या चार वर्षांत सासऱ्याने तिचा आवाज एकदाही ऐकला नव्हता. घरंदाज बिनणीने, म्हणजे सुनेने, सासऱ्यापुढे तोंड उघडायचं नाही, असा त्या घरचा रिवाज. काही हवंनको असलं तर कंचनबाई ते आतेसासू लहरीबाईच्या कानात सांगे आणि लहरीबाई तेच मोठ्याने आपल्या भावाला सांगे. वाचकांनी लगेच हसू नये. रिवाजाच्या नावाखाली याहून विचित्र गोष्टी आपल्याही घरांत बिनबोभाट चालतात.

सन एकोणीसशे चौतीसचा फाल्गुन लागला आणि शेठजींच्या मनात आलं, की घरच्यांनी तोरणमाळचा डोंगर चढून वरचं तळं बघून यावं. सकाळी चढायचं, संध्याकाळी खाली. कंचनबाई हरखून गेली. धानोऱ्याला माहेरी ती शेताच्या बांधांवरून हुंदडत वाढलेली. तिने लहरीबाईच्या कानात विचारलं, "मी पायी चालू का?" लहरीबाईने तो प्रश्न पुढे पोहोचवलाच नाही. विचारून उत्तर काय येणार, हे तिला ठाऊक होतं.

पायथ्याच्या गावच्या पाटलाला आधीच निरोप गेला होता. उजाडताना दोन डोल्या तयार होत्या आणि त्यांच्यापाशी आठ भिल्ल गडी उभे होते. ही वेठ. पाटलाने हाक मारली की हातातलं काम टाकून यायचं, ओझं वाहायचं आणि मोबदल्याचं नाव काढायचं नाही. एका डोलीत लहरीबाई बसली, दुसरीत कंचनबाई, आणि पडदे सोडले गेले. शेठजी आणि त्यांचा मुलगा, म्हणजे कंचनबाईचा नवरा मिश्रीलाल, मोकळ्या अंगाने पुढे निघाले.

सगळा डोंगर पळसाने लाल झाला होता. कंचनबाईच्या वाट्याला त्यातला दोन बोटांच्या फटीत मावेल तेवढाच आला. त्या फटीतून तिला डोंगरापेक्षा जास्त दिसत होती ती पुढच्या गड्याची मान. उदेसिंग त्याचं नाव. चढ लागला तशी ती मान घामाने भिजली, शिरा तटतटल्या. आपण बसलोय म्हणून हे होतंय, हे तिला दर पावलाला कळत होतं, आणि आपली आपल्यालाच लाज वाटत होती.

अर्ध्या वाटेवर झऱ्यापाशी मोहाची झाडं आली. खाली फुलांचा सडा पडला होता आणि दोन गाई तो निवांत खात होत्या. उदेसिंगची नजर तिकडे गेली, पाऊल चुकलं आणि डोली कलंडता कलंडता राहिली.

"नीट चाल रे," शेठजी खेकसले. "डोली ठेवा आठे. पाणी पिसूत."

गाईंना हाकलत एक म्हातारी टोपली घेऊन पुढे आली आणि वाटेतच उभी राहिली. ती उदेसिंगची आई, कालीबाई.

"शेठ, मन्हा पोऱ्याले आजच काबर धरी लयनात?" ती म्हणाली. "मोह पहाटले गळस. दिन वर उना का ढोरं खाई जातस. पंधरा दिन गळस, नि त्यावरच आम्हनं साल निघस."

"पाटीलनी धाडेल शेतस ह्या," शेठजी म्हणाले. "रीत शे, बाई."

"रीत कोनी करी? ज्यानी खांदा दिधा, त्यानी त नही करी." कालीबाईने डोलीकडे बोट केलं. "तुम्हनी सूनना पाय धड शेतस ना? मंग चार जणना पाय काबर लागतस तिले?"

शेठजी झऱ्याकडे वळले. मिश्रीलाल झऱ्यावर वाकून दुहेरी फडक्यातून पाणी गाळत होता. पाणी भरून झाल्यावर त्याने फडकं उलटं केलं आणि त्यात अडकलेले बारीक जीव हलक्या हाताने परत झऱ्यात सोडले. एकही जीव आपल्या हातून मरू नये, हा त्यांचा जैन धर्म.

कंचनबाईने ते पाहिलं आणि पडदा बाजूला केला.

"बापूजी, पाणीमधला जीव मरू नये म्हणीसन आपण फडकं धरतस. मंग ह्या गडी काय जीव नही शेतस?"

चार वर्षांत पहिल्यांदा तो आवाज शेठजींच्या कानी पडला होता! त्यांनी सुनेकडे पाहिलं नाही. बहिणीला म्हणाले, "सांग तिले, पडदा सोड."

"ती तुन्हा समोर शे," लहरीबाई म्हणाली. "तूच सांग."

चार वर्षं निरोप वाहून ती बाई थकली असावी. शेठजींचा चेहरा लाल झाला. "डोलीखाले पाय ठेवशी, त आज संध्याकायले धानोराले जाशी. परत येवानं नही."

कंचनबाईने नवऱ्याकडे पाहिलं, तर तो फडकं हातात धरून नुसता उभा. तिने पाय जमिनीवर ठेवला.

"मंग धानोरालेबी पायीच जासू," ती म्हणाली.

पाठोपाठ लहरीबाई कण्हत आपल्या डोलीतून उतरली. "मन्हा गुडघा दुखस. पन बसत बसत चढसू."

दोन्ही डोल्या रिकाम्या झाल्या तरी गडी हलेनात. "पाटील मारी," उदेसिंग हळूच म्हणाला.

शेठजींनी मुलाच्या हातातल्या ओल्या फडक्याकडे पाहिलं. जन्मभर पाणी गाळून प्यायलेला माणूस होता. "जा," ते गड्यांना म्हणाले. "पाटीलले मी सांगसू." गडी मोहाकडे धावले.

उरलेला डोंगर त्या घराने आपापल्या पायांनी चढला. कंचनबाईला ठेचा लागल्या, टाचा सोलवटल्या, पण डोंगर आता फटीतून नव्हे, चारी बाजूंनी दिसत होता. तळ्याच्या काठी ती पाण्यात पाय सोडून बसली, तेव्हा शेठजी दोन हातांवर येऊन उभे राहिले. मधे लहरीबाई नव्हती.

"बिनणी, पाय दुखतस का?"

"दुखतस, बापूजी. पन मन्हाच पाय दुखी ऱ्हायनात, दुसराना खांदा नही."

शेठजी खाली बसले आणि त्यांनीही आपले पाय पाण्यात सोडले. धानोऱ्याचा विषय पुन्हा निघाला नाही. पुढच्या फाल्गुनात पाटलाने डोल्यांचं विचारलं, तेव्हा त्यांनी परत निरोप धाडला, की आमच्या घरात सगळ्यांना पाय आहेत.

बंधुभगिनींनो, ज्या इभ्रतीसाठी दुसऱ्याच्या खांद्यावर बसावं लागतं, ती इभ्रत त्या खांद्याची असते, आपली नव्हे. आपली हवी असेल, तर आधी खाली उतरावं लागतं.