सहाशे सतराचं म्हणणं

डोंबिवली पूर्वेच्या त्या वाचनालयात उत्तम एकवीस वर्षं नोकरीला होता, आणि या एकवीस वर्षांत त्याने नऊ ते चौदा नंबरच्या कपाटांतलं एकही पुस्तक वाचलं नव्हतं. त्या कपाटांवर ‘ललितेतर’ अशी पाटी होती. ज्यात गोष्ट नाही ते ललितेतर, एवढी व्याख्या त्याला पुरत असे. तो रहस्यकथांचा माणूस. पहिल्या दहा पानांत खून पडला नाही, तर पुस्तक परत.

या कपाटांशी त्याची गाठ पडली ती समितीमुळे. वाचनालयाला पंच्याहत्तर वर्षं होत होती, आणि समिती म्हटली की ती गप्प बसायला थोडीच असते. तिने ललितेतर पुस्तकांचं प्रदर्शन काढलं. कार्यवाह श्रीपादराव पुस्तकं निवडायला बसले आणि त्यांना दिसलं, की जवळजवळ प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर वाचकांनी आपापली मतं लिहून ठेवली आहेत.

हे काही चोरून चाललेलं नव्हतं. दाराशी पहिल्यापासून एक पाटी होती : ‘पुस्तकात पेनाने लिहू नये.’ वाचकांनी तिचा सरळ अर्थ घेतला, की पेन्सिलीने लिहायला हरकत नाही. तेव्हापासून मत लिहायचं, खाली सभासद क्रमांक टाकायचा, अशी रीतच पडून गेली. नाव कोणी लिहीत नसे. कदाचित म्हणूनच सगळे खरं लिहीत.

“उत्तम, प्रदर्शनात पाहुणे पुस्तकं उघडून पाहणार,” श्रीपादराव म्हणाले. “ही रेघोट्यांची जत्रा त्यांच्यासमोर नको. सगळं खोडून टाका. मात्र पान चुरगळता कामा नये.”

उत्तमने मागच्या खिडकीशी टेबल लावलं, मऊ खोडरबर आणले, चुरा झाडायला दाढीचा एक जुना ब्रश घेतला आणि कामाला लागला. हात त्याचा चांगला होता. त्याने खोडलेल्या पानावर काही लिहिलेलं होतं, हे उन्हाला धरूनही कळत नसे. त्याचा त्याला अभिमान होता, तेही लपवण्यात अर्थ नाही.

वाचायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. पण खोडायचं म्हणजे आधी बघावं लागतं, आणि बघितलं की वाचलं जातं. आहारावरच्या पुस्तकामागे कोणी लिहिलं होतं, ‘लेखकाने आमच्याकडे आठ दिवस राहून दाखवावं. सासूबाई वाढतात.’ मुलांच्या संगोपनावरच्या पुस्तकाखाली चारच शब्द : ‘लेखकाला मुलं नसावीत, नक्कीच.’ किल्ल्यांवरच्या जाड ग्रंथामागे होतं, ‘पाण्याचं टाकं दक्षिणेला नाही, उत्तरेला आहे. मी दोनदा पाणी प्यायलोय.’ उत्तम एकटाच हसला आणि खोडत राहिला.

तिसऱ्या दिवशी मधमाश्यांवरचं पुस्तक हाती आलं. शेवटच्या पानावर बारीक, हलक्या हाताचं अक्षर होतं.

‘एक माशी सहा आठवडे जगते आणि जन्मभरात चहाच्या चमच्याचा बारावा हिस्सा मध करते, असं लेखक हळहळून सांगतो. हळहळ कशाला? मी वागळे इस्टेटीत एकतीस वर्षं लेथवर बोल्ट केले. ते कुठल्या मशीनला लागले मला माहीत नाही. लागले असतील. पुस्तक उत्तम. स. क्र. ६१७.’

उत्तमने ते दोनदा वाचलं. मग खोडलं, कारण खोडायचंच होतं. पण त्या दिवशी संध्याकाळी कल्याणला घरी गेल्यावर जेवताना त्याने ते आईला जसंच्या तसं सांगितलं. त्याची आई हौसाबाई मूळची साताऱ्याकडची, ऐंशीची. डोळे गेलेले, कान मात्र शाबूत. ती घास हातात धरून ऐकत राहिली.

“परत सांग,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून उत्तम सहाशे सतराची वाट बघायला लागला. पुस्तक उघडलं की पहिल्यांदा ते बारीक अक्षर आहे का, ते बघायचं. आणि ते असायचं. भूकंपावरच्या पुस्तकामागे : ‘पृष्ठ ११२. जमिनीचे खंड आपली नखं वाढतात तेवढ्या वेगाने सरकतात. काल नखं कापताना मी मधेच थांबलो. बराच वेळ काही सुचेना.’ पुलांच्या इतिहासामागे : ‘पूल बांधणाऱ्या इंजिनिअरांची नावं आहेत, रिव्हेट मारणाऱ्यांची नाहीत. पुढच्या आवृत्तीत द्यावीत. निदान एकाचं.’ हृदयविकारावरच्या पुस्तकामागे : ‘दिवसाला एक लाख ठोके, जन्मभर, मशीन बंद न करता. माझ्या लेथचं बेअरिंग दर दोन वर्षांनी जायचं. हे वाचल्यापासून मी छातीवर हात ठेवून झोपतो. भीतीने नाही, मान म्हणून.’

आता उत्तमचं काय झालं ते सांगितलं पाहिजे, कारण असं त्याला आयुष्यात कधी झालं नव्हतं. तो घाबरला. ज्या कपाटांसमोरून तो एकवीस वर्षं झाडू मारत गेला, त्यांच्यात एवढं काय काय चाललेलं होतं! आणि कुणी एक लेथवरचा माणूस तिथे बसून सगळ्या जगाला आपल्या मापाने मोजत होता, आणि जग मोठं निघालं की मोकळेपणाने मान्य करत होता. उत्तमने हृदयाचं पुस्तक तिथेच अर्धं वाचलं. त्या दिवशी दोनच पुस्तकं खोडून झाली.

घरी आई विचारायची, “आज काय म्हनला त्यो?” ती नाव विचारत नसे. उत्तम पाठ करून आणलेलं म्हणून दाखवी. भूकंपाचं ऐकल्यावर तिने खाली जमिनीवर तळवा टेकवला आणि तसाच ठेवला.

शेवटी त्याने काउंटरवरच्या रुचिताला विचारलं, “सहाशे सतरा कोण गं?”

“ते साईनाथ राऊळ, टिटवाळ्याचे. कामावर होते तेव्हा ठाण्याहून घरी जाताना मधे उतरायचे. आता रिटायर आहेत, पण दर शनिवारी येतात. बोलत नाहीत काही. पुस्तक ठेवतात, दुसरं घेतात, गेले.” तिने रजिस्टर चाळलं. “तीन-चार शनिवार आलेले नाहीत पण. का हो काका?”

“काही नाही. आले की मला हाक मार.”

त्याला वाईट वाटत होतं, नाही असं नाही. एवढं चांगलं लिहिलेलं आपण पुसतोय. पण त्याने मनाची समजूत घातली. माणूस आहे, त्याचं मत त्याच्या डोक्यात आहे. पानावरचं गेलं तर काय बिघडतं? उलट आले की आपण त्यांना बसवू, चहा पाजू, आणि म्हणू, सांगा आता तोंडाने. असं म्हणत म्हणत त्याने सहाशे सतराची त्रेचाळीस पुस्तकं कोरी केली.

शनिवारी रुचिताने हाक मारली. उत्तम ब्रश टाकून बाहेर आला. काउंटरशी पस्तिशीची एक बाई उभी होती, खांद्याला ऑफिसची बॅग, हातात मुंग्यांवरचं पुस्तक.

“पप्पांचं पुस्तक राहिलेलं घरी,” ती म्हणाली. “उशीर झाला, सॉरी. ते वारले. महिना होईल आता.”

रुचिता काहीतरी बोलली. उत्तमला ते ऐकू आलं नाही. त्याने पुस्तक घेतलं आणि आधी शेवटचं पान उघडलं. पान कोरं होतं. एकशे चाळिसाव्या पानात बसचं तिकीट खूण म्हणून घातलेलं होतं. पुस्तक संपलंच नव्हतं.

“तुम्ही ओळखायचे त्यांना?” बाईने विचारलं. तिचं नाव करिश्मा. “म्हणजे, इथे कोणाशी बोलायचे का ते? आमच्याशी फार बोलायचे नाहीत. आई गेल्यावर तर नाहीच. मी फोन केला की जेवलीस का, पाऊस आहे का, बस. एवढी वर्षं वाचायचे, पण काय वाचायचे, त्यातलं काय आवडायचं, मला काहीच माहीत नाही. घर आवरताना एक कागद नाही सापडला त्यांच्या हाताचा. लाइट बिल सोडून.”

उत्तमने मागच्या टेबलाकडे बघितलं. या बाईला जे हवं होतं ते एक महिन्यापूर्वी इथे होतं. त्रेचाळीस पानं होती. गप्प राहिलं असतं तर तिला जन्मात कळलं नसतं, हेही त्याच्या मनात येऊन गेलं. रुचिताला सुद्धा कळलं नसतं.

“ताई, आत या,” तो म्हणाला.

मागच्या टेबलाशी त्याने तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. पाटीचं, पेन्सिलीचं, श्रीपादरावांचं, आणि मग स्वतःचं. “मी खोडलं. मला आवडलेलं, तरी खोडलं. मला वाटलं, ते येतील.”

करिश्माने समोरचं एक पुस्तक उचललं, शेवटचं पान उजेडाकडे धरलं. मग दुसरं. मग तिसरं. उत्तमचं काम चोख होतं. कुठे एक रेघ दिसली नाही.

“आठवतं का तुम्हाला काही?”

“आठवतं. रोज आईला सांगायचो.” आणि उत्तमने म्हणायला सुरुवात केली. मधमाश्या, नखं, रिव्हेट. करिश्मा ऐकत होती, पण तिचा चेहरा हळूहळू मिटत गेला. छातीवर हात ठेवून झोपण्यापाशी तिने त्याला थांबवलं.

“काका, राग मानू नका. पप्पा असं नाही बोलायचे. तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगताय. तुम्हाला वाईट वाटतंय, मी समजू शकते.”

ती उठली. पुरावा उत्तमनेच पुसला होता, ब्रशने झाडून केराच्या डब्यात टाकला होता. त्याला स्वतःचा एवढा संताप कधी आला नव्हता. आता काय सांगितलं तरी ते बनवलेलंच वाटणार होतं. तरी ती बॅग खांद्याला लावत असताना तो बोलला, कारण गप्प बसवेना.

“एकच ऐका. आकाशातल्या ताऱ्यांचं पुस्तक होतं. त्यात लिहिलेलं : ‘पृष्ठ ५८. तारा लुकलुकत नाही. तो जागेवरच असतो, मधली हवा हलते. पोरगी सात वर्षांची होती तेव्हा लाइट गेलेले म्हणून गच्चीवर झोपलो होतो. तिने विचारलं, पप्पा, तारा मिटतो तेव्हा कुठे जातो? मी म्हटलं, झोप गपचूप. मला येत नव्हतं म्हणून ओरडलो. ती चादरीत तोंड घालून रडली. आता येतं. कुठेच जात नाही. पण ती मोठी झाली, आता सांगितलं तर हसेल. पुस्तक फार चांगलं. स. क्र. ६१७.’”

करिश्मा उभी होती ती खुर्चीच्या पाठीला धरून खाली बसली. नऊ ते चौदा नंबरची कपाटं समोर होती, आणि त्यांतल्या कुठल्याही पुस्तकातून वडील बोलू शकतात, अशा आशेने ती एकेका पुस्तकाच्या पाठीवरून नजर फिरवत होती.

“ते मी कोणाला सांगितलेलं नाही,” ती म्हणाली. “नवऱ्यालासुद्धा नाही. मला वाटायचं, पप्पा विसरले.”

आपण इतके दिवस काय पाठ करत होतो, हे उत्तमला आत्ता कळत होतं.

“किती पुस्तकं होती?”

“त्रेचाळीस. मला तीस-बत्तीस आठवतील. बाकीची गेली, ताई. ती माझ्यामुळे गेली.”

तिने डोळे पुसले. “ते ताऱ्यांचं द्या आधी. आणि पेन्सिल.”

तेवढ्यात श्रीपादराव मागे आले. टेबलाशी एक अनोळखी बाई पुस्तकात लिहायच्या बेतात आहे हे बघून ते थबकले. “उत्तम, हे काय चाललंय? स्वच्छ झालेली पुस्तकं ना ही?”

“साहेब, माझ्याकडून चूक झालीय, ती दुरुस्त करतोय,” उत्तम म्हणाला. एकवीस वर्षांत तो त्यांच्याशी पहिल्यांदाच खुर्चीतून न उठता बोलला. “तुम्हीही बसा. तुम्ही हे ऐकायला पाहिजे.”

श्रीपादराव तसे तापट, पण माणूस वाचणारा. त्यांनी उत्तमकडे बघितलं, करिश्माकडे बघितलं, आणि स्टूल ओढून बसले.

उत्तम सांगत गेला, सावकाश, एकेक वाक्य. करिश्मा लिहीत गेली. पृष्ठ अठ्ठावन्न, मधली हवा, गच्ची, चादर, सगळं. ‘आता सांगितलं तर हसेल’ इथे तिची पेन्सिल थांबली, मग पुढे गेली. पुस्तक फार चांगलं. खाली तिने ६१७ लिहिलं.

मग तिने एक ओळ मोकळी सोडली आणि उत्तमने न सांगितलेलं एक वाक्य आपल्या मनाने लिहिलं. उत्तमला ते उलट्या बाजूनेही वाचता आलं.

‘मी नाही हसले, पप्पा.’